विश्लेषण : वणीच्या शेजारी कातळात कोरलेला बौद्ध विहार, विजासनच्या लेण्यांत काय आहे आणि त्यांना धोका कशाचा?

प्राचीन लेणी पाहायची म्हटले की वणी परिसरातल्या कुटुंबांना अजिंठा-वेरूळ आठवते. ते अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. पण डोंगर आतून कोरून तयार केलेले एक बौद्ध लेणे वणीपासून सरळ रेषेत जेमतेम २० किलोमीटरवर आहे. वर्धा नदी ओलांडली, जिल्हा बदलला की भद्रावती येते. त्या गावाला लागून असलेल्या विजासन टेकडीत तीन दिशांना गेलेली तीन लांब दालने आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला बुद्धमूर्ती आहे.

ही लेणी कधीची, ती ओस का पडली, आज तिथे कोण येते आणि कोळसा खाणींच्या पट्ट्यात ती किती सुरक्षित आहेत, याचा हा आढावा.

लेणी कुठे आहेत? वणीहून कसे जायचे?

वणी यवतमाळ जिल्ह्यात, तर भद्रावती चंद्रपूर जिल्ह्यात. मधली वर्धा नदी ही एकेकाळी वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांची सीमा होती. आता दोन्ही काठांचा संबंध रोजचा आहे. वणी विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी चंद्रपूरलाच जोडलेला आहे. कोळशाच्या ट्रकना तर जिल्ह्याची सीमा कधी जाणवतच नाही.

वणीहून पाटाळ्याच्या पुलावरून वरोरा आणि तिथून नागपूर-चंद्रपूर महामार्गाने भद्रावती, असा साधारण ४० किलोमीटरचा रस्ता आहे. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की पाटाळ्याचा मार्ग बंद होऊ शकतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी चौकशी केलेली बरी. रेल्वेने जाणाऱ्यांनी स्थानकाचे नाव लक्षात ठेवावे. गाव भद्रावती झाले, पण स्थानक अजून ‘भांदक’च आहे. जुन्या पुस्तकांतही याच नावाने शोधावे लागते. विजासन टेकडी गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे.

आत गेल्यावर काय दिसते?

विजासनचा आराखडा एकदा पाहिला की विसरत नाही. एक दालन टेकडीच्या पोटात सरळ आत जाते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये त्याची लांबी ७१ फूट, म्हणजे सुमारे साडेएकवीस मीटर दिली आहे. त्याच्या टोकाच्या गाभाऱ्यात आसनावर बसलेली बुद्धांची भव्य मूर्ती आहे. तोंडापासूनच उजवीकडे आणि डावीकडे आणखी दोन दालने निघतात. त्या दोन्हींच्या शेवटीही गाभारा आणि मूर्ती.

कार्ले किंवा अजिंठ्यासारखे कोरीव खांबांचे सभागृह इथे नाही. नजर थेट मूर्तीकडे जावी अशी मांडणी आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. डोळे सरावले की आधी भिंती, मग गाभाऱ्याची चौकट आणि शेवटी मूर्ती दिसू लागते. मूर्तींची झीज झाली आहे. भिंतींवर कोरीव लेखांच्या खुणा होत्या, पण त्या वाचता येण्याजोग्या राहिल्या नाहीत, अशी नोंद शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे.

लेणे कोरणे हे बांधकामाच्या उलट काम आहे. इमारत पायापासून वर चढते आणि वीट चुकली तर बदलता येते. लेण्यात दगड काढत काढत आत जायचे असते. एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. म्हणजे मूर्तीसाठी पुरेसा कातळ कुठे सोडायचा, हे पहिला घाव घालण्याआधी ठरलेले हवे. विजासनच्या तिन्ही दालनांच्या टोकाला मूर्ती आहे, याचा अर्थ हा आराखडा आधी कुणाच्या तरी डोक्यात पूर्ण तयार होता.

विहार म्हणजे काय? भिक्षू डोंगरात का राहत?

बौद्ध भिक्षूंनी गावोगाव फिरत राहावे, असा मूळ नियम होता. पण पावसाळ्यात वाटा बंद होतात आणि उगवत्या पिकांतून, किड्यामुंग्यांवरून चालणे योग्य नाही, म्हणून आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एकाच ठिकाणी थांबण्याची पद्धत पडली. तो वर्षावास. या मुक्कामांतूनच पुढे कायमचे विहार उभे राहिले. पूजेच्या जागेला चैत्यगृह आणि निवासाच्या जागेला विहार म्हणतात. नंतरच्या काळात दोन्ही एकाच ठिकाणी येऊ लागले.

विहार निर्जन जंगलात नसे. गावापासून इतका लांब की गोंगाट पोहोचू नये आणि इतका जवळ की भिक्षेसाठी सकाळी जाऊन येता यावे. विजासन आणि जुने भांदक यांच्यातले अंतर नेमके तसे आहे.

लेणी कुणाच्या काळातली?

स्थानिक माहितीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे नाव घेतले जाते. चिनी प्रवासी ह्युएन त्सांगचे नावही हमखास येते. सातव्या शतकात भारतभर फिरलेल्या या भिक्षूने ‘कोसल’ देशाचे वर्णन केले आहे. तिथला राजा बौद्ध धर्माला मानणारा, विहार सुमारे शंभर आणि भिक्षू दहा हजारांच्या थोडे आत, असे तो लिहितो.

या कोसलची राजधानी कोणती, यावर १९ व्या शतकात बराच खल झाला. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या भागाची पाहणी केली. भांदकचे अवशेष पाहून काही अभ्यासकांनी हीच ती राजधानी असावी, असे मत मांडले. आता छत्तीसगडमधील सिरपूर आणि नागपूरजवळचे मनसर यांची नावे अधिक जोरकसपणे पुढे केली जातात. त्यामुळे ‘ह्युएन त्सांग विजासनला आला होता’ हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरत असले, तरी ते सिद्ध झालेले नाही.

‘भांदकचा शिलालेख’ भांदकचा नव्हताच?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या ‘अजब बंगल्या’त, एक बौद्ध शिलालेख आहे. त्यातली गोष्ट हृदयाला हात घालणारी आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या दुःखात राजाने बुद्धांचे मंदिर बांधले. पुढे ते मोडकळीला आले, तेव्हा भवदेव रणकेसरी या पांडुवंशी राजाच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला.

जर्मन संस्कृत पंडित कीलहॉर्न यांनी १९०५ मध्ये हा लेख ‘भांदकचा’ म्हणून प्रसिद्ध केला आणि विजासनला एक राजपुत्र मिळाला. पुढच्या अभ्यासकांनी मात्र संग्रहालयात येण्यापूर्वीचा या दगडाचा प्रवास तपासला आणि तो मूळचा छत्तीसगडमधील आरंगचा असल्याचे दाखवून दिले. दगड जागेवरून हलला की त्याचा पत्ता हरवतो, याचे हे ठळक उदाहरण. ‘एखादा तुकडा घरी नेला तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

भांदकला सापडलेला एक ताम्रपट मात्र पक्का धागा देतो. तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, शके ६९४ म्हणजे इसवी सन ७७२ चा आहे. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा राजा. ‘उदुंबरमंती’ येथील सूर्यमंदिरासाठी गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. उदुंबरमंती म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातली राणी अमरावती, असे अभ्यासक मानतात. म्हणजे साडेबाराशे वर्षांपूर्वी वर्धेच्या दोन्ही काठांवरचा मुलूख एकाच राजाच्या अमलात होता.

विहार ओस का पडले? परदेशात काय झाले?

विहार स्वतःच्या कमाईवर चालत नसत. राजे, व्यापारी आणि गावकरी यांच्या दानावर त्यांचा खर्च भागे. दानाचा ओघ दुसरीकडे वळला, व्यापाराच्या वाटा बदलल्या की विहार हळूहळू रिकामे होत. भद्रावतीत हा बदल जमिनीवर दिसतो. बौद्ध लेण्यांसोबत गावात भद्रनागाचे मंदिर आहे, चंडिकेचे जुने मंदिर आहे, पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे, गवराळ्याचा गणपती आहे. डोलारा तलावात कमान न वापरता, दगडी खांबांवर आडव्या शिळा टाकून बांधलेला प्राचीन पूल आहे. एकाच गावात तीन परंपरांचे इतके अवशेष विदर्भात फार कमी ठिकाणी आहेत.

युरोपात अशाच मठांचा शेवट वेगळा झाला. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाचे साधू मुद्दाम वस्तीपासून दूर, नदीकाठच्या दऱ्यांत राहत. स्वतः शेती करत, मेंढ्या पाळत. इंग्लंडमधील त्यांचा फाउंटन्स मठ ११३२ मध्ये सुरू झाला आणि लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झाला. राजा आठव्या हेन्रीने देशातले मठ बरखास्त केले, त्यात १५३९ मध्ये तोही बंद पडला. मठांच्या छपरांचे शिसे काढून विकले गेले, दगड आसपासच्या घरांत गेले. आज त्याच भग्न भिंती १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पर्यटक तिकीट काढून, आखलेल्या वाटेने फिरतात. साधू मात्र तिथे परतले नाहीत.

मग विजासन वेगळे कसे?

इथे माणसे परत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला दीक्षा समारंभ झाला. भद्रावतीपासून चंद्रपूर २५ किलोमीटरच्या आसपास आहे. शेकडो वर्षे वटवाघळांच्या ताब्यात राहिलेल्या टेकडीकडे पाहण्याची नजर त्यानंतर बदलली. जे जुन्या नोंदींत ‘विचित्र लेणे’ होते, ते हजारो कुटुंबांसाठी स्वतःचा इतिहास झाले.

आज बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पांढऱ्या वस्त्रांतले उपासक इथे येतात. वणी, वरोरा, मारेगाव, राजुरा अशा तालुक्यांतून गाड्या येतात. आजी नातवाला हात जोडायला शिकवते, तरुण मुले भिंतीची लांबी पावलांनी मोजतात. म्हणूनच विजासनला ‘भग्नावशेष’ म्हणणे अपुरे आहे. ते एकाच वेळी स्मारक आहे आणि श्रद्धास्थानही. खरी अडचणही इथूनच सुरू होते. स्मारक जपायचे तर हात लावू नये, आणि श्रद्धास्थान म्हटले की हात लागतोच.

धोका नेमका कशाचा?

पहिला, धूर आणि ओलावा. बंद दालनात मेणबत्ती किंवा अगरबत्ती पेटवली की काजळी बाहेर जायला वाट मिळत नाही. ती छतावर आणि मूर्तीवर बसते. गर्दीच्या श्वासाने हवा दमट होते, ओल दगडात मुरते, सुकताना त्यातील क्षार पृष्ठभागावर येतात आणि पापुद्रे सुटतात. एका दिवसात काही कळत नाही. वीस वर्षांत चेहरा पुसट होतो.

दुसरा, पाणी. टेकडीच्या माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून खाली उतरतो. माथ्यावरच्या झाडांची मुळे त्या भेगा रुंद करतात. लेण्यांच्या देखभालीत मूर्तीच्या साफसफाईपेक्षा माथ्यावरचे पाणी वळवणे जास्त महत्त्वाचे ठरते, ते याच कारणाने.

तिसरा, नावे कोरणारे हात. खिळ्याने काढलेला बदाम दोन मिनिटांत होतो आणि तो कायमचा राहतो.

चौथा धोका या पट्ट्याचा स्वतःचा आहे. वर्धा खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे. वणी तालुक्यात उकणी, निलजई, नायगाव, मुंगोली. भद्रावती तालुक्यात माजरी, तेलवासा, ढोरवासा, बरांज अशी खाणींची रांग आहे. खुल्या खाणीत कातळ फोडण्यासाठी सुरुंग लावले जातात आणि त्याचे हादरे जमिनीतून पसरतात. घराच्या काचा थरथरणे म्हणजे काय, हे खाणीशेजारच्या गावांना सांगावे लागत नाही.

या हादऱ्यांना मर्यादा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ती ठरवलेली आहे. जमिनीचा कण हादऱ्याने किती वेगाने हलतो, हे मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. हादऱ्याची वारंवारता जितकी कमी, तितका तो इमारतीला जास्त घातक, म्हणून मर्यादाही तितकी कडक :

- वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी : साध्या घरांसाठी मर्यादा ५, ऐतिहासिक वास्तूंसाठी २
- ८ ते २५ हर्ट्झ : घरांसाठी १०, ऐतिहासिक वास्तूंसाठी ५
- २५ हर्ट्झपेक्षा जास्त : घरांसाठी १५, ऐतिहासिक वास्तूंसाठी १०

म्हणजे जो हादरा घराला चालतो, तो लेण्याला चालत नाही. मात्र ही मर्यादा पाळली जाते की नाही, हे वास्तूच्या पायथ्याशी यंत्र ठेवून मोजल्याशिवाय कळत नाही. खाणींना पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. नागरिकांना, वारसाप्रेमी गटांना तो मागता आणि वाचता येतो. हादऱ्यांच्या नोंदी कुठे घेतल्या, हा त्यात विचारण्यासारखा पहिला प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार :

- संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम आणि खाणकाम यांना मनाई
- त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच काम
- स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही

जे स्मारक पूजास्थान आहे, त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करू नये, असेही कायदा म्हणतो. म्हणजे वंदनेला कायद्याचा विरोध नाही. प्रश्न वंदनेच्या पद्धतीचा आहे. दिवा दालनाबाहेर लावला आणि फुले मूर्तीवर न ठेवता समोर ठेवली, तर श्रद्धा आणि दगड दोन्ही सांभाळले जातात.

तीनशे मीटरचा हा हिशेब सुरुंगाच्या हादऱ्यापुढे मात्र तोकडा पडतो. हादरा नकाशावरची रेषा पाहून थांबत नाही. त्यामुळे अंतराचा नियम आणि हादऱ्याचे मोजमाप, दोन्ही एकत्र लागतात.

विदर्भात इतरत्र काय स्थिती?

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मधील उत्खननात स्तूप उजेडात आले. अकोला जिल्ह्यातील पातूरला लेणी आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे पूर्णेच्या काठी सापडलेला प्राचीन स्तूप जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने त्याच्या भवितव्याची चर्चा बरीच वर्षे सुरू आहे. सिंचन हवे की स्तूप, असा प्रश्न तिथे उभा केला गेला. वर्धा खोऱ्यात तोच प्रश्न उद्या ‘कोळसा हवा की लेणी’ असा विचारला जाऊ शकतो. या खाणींवर हजारो घरांची चूल पेटते, म्हणून तो प्रश्न सोपा नाही. पण हादरे मोजणे, पाणी वळवणे आणि धूर बाहेर ठेवणे, या तीन गोष्टींसाठी एकही खाण बंद करावी लागत नाही.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. उन्हाळ्यात जायचे तर सकाळी लवकर पोहोचा. इथला पारा दुपारी फिरू देत नाही.
- दालने खोल आणि अंधारी आहेत. मोबाइलच्या टॉर्चपेक्षा हातातली बॅटरी बरी. फोटोसाठी फ्लॅश टाळा.
- आत वटवाघळे असू शकतात. मुलांना आधी सांगून ठेवा. आरडाओरडा करू नका.
- चपला बाहेर काढा. कुणी वंदना करत असेल तर ती संपेपर्यंत थांबा.
- खाली पडलेला दगड किंवा शिल्पाचा तुकडा उचलू नका. काही नवे दिसले तर जागेवरच फोटो काढून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळ कार्यालयाला कळवा.
- पूर्ण दिवस हाताशी असेल तर डोलारा तलावातला पूल, भद्रनाग मंदिर आणि पार्श्वनाथ मंदिर हेही त्याच फेरीत होतात.

मधल्या दालनाच्या टोकाला पोहोचल्यावर एकदा मागे वळून पाहा. आलेल्या वाटेच्या शेवटी उजेडाचा एक चौकोन दिसतो. त्यातून येणारी-जाणारी माणसे सावल्यांसारखी दिसतात. ज्यांनी हा डोंगर कोरला, त्यांची नावे भिंतीवर उरलेली नाहीत. ज्यांनी नंतर खिळ्याने स्वतःची नावे कोरली, त्यांची उरली आहेत. पुढच्या बुद्धपौर्णिमेला येणाऱ्या मुलांना यातले काय दिसावे, हे आज जाणाऱ्यांच्याच हातात आहे.